आठ वर्षांच्या पोराला चेंडू किती वेळा मिळतो?

कोल्हापुरात फुटबॉलला प्रेक्षक कमी पडत नाहीत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब अशी तालमी-मंडळांची नावं निघाली की पेठापेठांत बाजू पडतात आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमवर बसायला जागा मिळत नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात याच जिल्ह्यातला अनिकेत जाधव होता. फुटबॉलवर इतका जीव टाकणारं गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. तरीही देशाच्या वरच्या पातळीवर नियमित खेळणारी कोल्हापूरची मुलं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पैसा, मैदानं, संघटनांमधले वाद अशी कारणं सांगितली जातात, आणि त्यांत तथ्य आहेच. पण त्यातलं बरंचसं आपल्या हाताबाहेरचं. मी इथे लिहिणार आहे ते आपल्या हातात असलेल्या एकाच गोष्टीबद्दल: सहा ते बारा या वयात आपण मुलांना कसला फुटबॉल खेळायला देतो. तालमीच्या पोरांना संध्याकाळी मैदानावर घेऊन जाणारे सीनियर खेळाडू, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि मुलाला बूट घेऊन देणारे आईवडील हे माझे वाचक आहेत.

सराव चांगला की वाईट हे ओळखायला एक प्रश्न पुरतो. सराव संपेपर्यंत एका मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला? उद्या मैदानाच्या कडेला उभे राहा आणि एकाच मुलावर नजर ठेवा. सगळ्यांत चपळ मुलगा निवडू नका, मधलाच कुठला तरी निवडा आणि मोजत राहा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी मैदानाला फेऱ्या असतात. त्यात चेंडू नसतो. मग हातापायांचे व्यायाम, त्यातही नसतो. मग गोलवर शॉट मारायची रांग लागते. रांगेत बारा मुलं आणि एका शॉटला दहा सेकंद धरले, तर एकाची पाळी दोन मिनिटांनी येते, म्हणजे पंधरा मिनिटांत सात-आठ शॉट, तेही समोर अडवायला कोणी नसताना. शेवटी पूर्ण मैदानावर अकरा-अकराची मॅच. त्यात चार-पाच दांडगी पोरं चेंडूमागे धावतात आणि बाकीची त्यांच्याकडे बघत उभी राहतात. दीड तास मैदानावर गेला, पोरं घामाघूम झाली, पालकांना बरं वाटलं. तुम्ही नजर ठेवलेला मुलगा त्यातली जेमतेम दहा मिनिटं फुटबॉल खेळला.

मैदान आणि चेंडूची मापं एकदा मुलाच्या बाजूने बघा. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्यात उभा केलेला आठ वर्षांचा गोलकीपर सव्वाचार फुटांच्या आसपास. चेंडू त्याच्या डोक्यावरून मारला की गोल, हे पोरांना पहिल्याच दिवशी कळतं, आणि मग सगळा संघ लांबून उंच मारायलाच शिकतो. चेंडूचंही तसंच आहे. पाच नंबरचा चेंडू मोठ्यांचा, त्याचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर आणि पुढे बारा वर्षांपर्यंत चार नंबर वापरायचा, हा जगभरचा साधारण रिवाज आहे. तालमीत जुना पाच नंबरचा चेंडू पोरांकडे ढकलायची पद्धत मोडायला हवी. खर्च करायचाच असेल तर आधी योग्य मापाचे, प्रत्येक मुलामागे एक येतील इतके चेंडू घ्या. जर्सी नंतर.

आता काय करायचं ते सांगतो. साधारण २५ मीटर लांब, २० मीटर रुंद असा तुकडा फक्कीने आखा. दोन्ही टोकांना प्रत्येकी दोन, असे चार छोटे गोल लावा. कोनांचे, विटांचे, चपलांचे, कशाचेही चालतील. प्रत्येक गोल दीड-दोन मीटर रुंद असू द्या आणि दोन गोल एकमेकांपासून लांब, कोपऱ्यांकडे ठेवा. दोन्ही टोकांपासून सहा मीटरवर एक रेघ ओढा. तीन विरुद्ध तीन खेळवा, गोलकीपर नको, आणि रेघेच्या आत येऊन मारलेलाच गोल धरा. हा खेळ होर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने रचला. मूळचा तो हॉकीचा माणूस. दोन गोलांपैकी एकासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, म्हणून मुलाला मान वर करून बघावंच लागतं. ‘डोकं वर ठेव’ असं ओरडायची गरज उरत नाही, मैदानाची आखणीच ते शिकवते. रेघेच्या नियमामुळे लांबून ठोकण्यात अर्थ राहत नाही. चेंडू घेऊन जावं लागतं, नाहीतर पास द्यावा लागतो. आणि संघात तिघंच असल्यामुळे कोणालाही लपायला जागा नसते, जो मुलगा मोठ्या मॅचमध्ये कोपऱ्यात उभा राहायचा त्यालासुद्धा.

अर्ध्या मैदानात असे चार तुकडे सहज बसतात. चोवीस मुलं एकाच वेळी खेळू लागतात आणि रांग संपते. मुलं जास्त असतील तर प्रत्येक संघात एक राखीव ठेवा आणि कोणीही गोल केला की दोन्ही संघांनी एकेक खेळाडू बदलायचा, असा नियम करा. मग ‘याला कधी खेळवणार’ हा वाद होत नाही. सात-आठ मिनिटांनी शिट्टी वाजवा. जिंकलेला संघ एक तुकडा वर सरकेल, हरलेला एक खाली. तीन-चार फेऱ्यांत सारख्या ताकदीची पोरं आपोआप समोरासमोर येतात. जिंकण्याची चव प्रत्येकाला मिळते, हरण्याचीही.

हा सगळा प्रकार पोरखेळ वाटत असेल तर जर्मनीकडे बघा. २००० सालच्या युरो स्पर्धेत जर्मनी एकही सामना न जिंकता गटात तळाला राहिला. त्यानंतर तिथल्या महासंघाने व्यावसायिक क्लबांना अकादमी सक्तीची केली आणि २००२ पासून देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उभी केली. ठरलेल्या दिवशी मुलांनी क्लबच्या सरावाव्यतिरिक्त तिथे यायचं आणि तिथल्या प्रशिक्षकांकडून शिकायचं. २०१४ साली ते विश्वविजेते झाले. पुढे २०१८ आणि २०२२ अशा लागोपाठ दोन विश्वचषकांत ते गटातच बाद झाले. २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांत सामन्यांची रचनाच बदलण्यात आली. आता तिथे छोट्या मैदानावर, कमी खेळाडूंनिशी, गुणतक्त्याशिवाय आणि वर-खाली सरकणाऱ्या फेऱ्यांनी खेळवलं जातं. चार वेळा विश्वचषक जिंकलेला देश सहा वर्षांच्या मुलांच्या खेळात इतक्या खोल उतरतो, तेव्हा आपणही तो विचार मनावर घ्यायला हवा.

वयाप्रमाणे वाढवत कसं न्यायचं, याचं एक साधं माप इंग्लंडकडून घेता येईल. गेली कित्येक वर्षं तिथे आठ वर्षांपर्यंत पाच-पाच, दहापर्यंत सात-सात, बारापर्यंत नऊ-नऊ आणि त्यानंतरच अकरा-अकरा अशी पायरी होती. आपण सुरुवात तीन-तीनने करू. तेराव्या वर्षाआधी पूर्ण मैदानाची घाई कशाला? त्याने कोणाचंच भलं होत नाही.

इथवरचं फक्की आणि कोनांनी होतं. पुढचं काम माणसांचं आहे आणि तेच अवघड आहे. २०१६ च्या युरोमध्ये आइसलंडने इंग्लंडला २-१ असं हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. दोन वर्षांनी तो देश विश्वचषकात उतरला, आणि तोवर विश्वचषक खेळलेल्या देशांत त्याच्याइतकी कमी लोकसंख्या कोणाची नव्हती. लोकसंख्या साधारण साडेतीन लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या जवळ होती. आइसलंडने हे दोन गोष्टींवर साधलं. एक म्हणजे बर्फाळ हिवाळ्यात सराव थांबू नये म्हणून २००० सालापासून बांधलेली छताखालची मोठी मैदानं. तशी मैदानं आपण बांधू शकणार नाही. दुसरी गोष्ट आपल्याला जमण्यासारखी आहे. तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही रीतसर परवाना घेतलेला प्रशिक्षक शिकवतो आणि त्या कामाचे त्याला पैसे मिळतात.

आपल्याकडे उलटं चालतं. ज्याला काही येतं तो सीनियर संघाकडे जातो आणि लहान मुलांकडे ज्याला वेळ असेल तो. कुस्तीच्या आखाड्यात मात्र आपले लोक असं करत नव्हते. वस्ताद कोवळ्या पोराकडे स्वतः बघायचे, त्याची बैठक आणि पकड सुरुवातीलाच घडवायचे, कारण लहानपणी बसलेली खोड पुढे मोडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेच शहाणपण फुटबॉलच्या मैदानावर आणायचं आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्राथमिक प्रशिक्षण अभ्यासक्रम, म्हणजे ई आणि डी परवाने, मुलांसोबत काम करणाऱ्यांनाच समोर ठेवून केलेले आहेत. प्रत्येक तालमीने वर्षाला निदान दोन तरुणांना या अभ्यासक्रमाला पाठवावं, फी मंडळाने भरावी आणि परत आल्यावर त्यांना दरमहा ठरावीक मानधन द्यावं. बाहेरून आणलेल्या एका खेळाडूवर एका हंगामात जेवढा खर्च होतो, त्यात हे सहज बसावं.

प्रशिक्षकाने प्रत्यक्ष करायचं काय? सव्वा तासाचा सराव धरू. मुलं येतील तसतशी थेट तीन-तीनच्या खेळात घ्या, सगळे जमेपर्यंत थांबू नका. पहिली वीस मिनिटं अशी जातील. मग पंधरा मिनिटं प्रत्येकाच्या पायाशी एक चेंडू: तळव्याने ओढणं, आतल्या-बाहेरच्या बाजूने वळवणं, थांबवणं, उलट फिरणं. डच प्रशिक्षक वील कूर्व्हर यांनी मोठ्या खेळाडूंच्या हालचाली तोडून मुलांना शिकवण्याची जी पद्धत आणली, तिचं सार एवढंच की कसब जन्मतः असावं लागतं असं नाही, ते रोजच्या घोटण्याने येतं. उजव्या पायाने जेवढं केलं तेवढंच डाव्याने करून घ्या आणि यात सूट देऊ नका. बारा वर्षांच्या मुलाचा डावा पाय नुसता आधारापुरता उरला असेल तर दोष त्याच्या प्रशिक्षकाचा आहे. पुढची पंधरा मिनिटं एकास एक, दोनास एक असे लहान झगडे. उरलेला वेळ पुन्हा खेळ. फेऱ्या नकोत. या वयात दम खेळूनच वाढतो.

सगळ्यांत अवघड सवय तोंडाची आहे. ‘पास दे’, ‘मार’, ‘मागे ये’ असं कडेवरून सतत चालू असतं. मुलाने डोळ्यांनी बघून, डोक्याने ठरवून, पायाने करायचं असतं. आपण मधलं ठरवण्याचं काम स्वतःकडे घेतो. मग हाच मुलगा सतराव्या वर्षी मोठ्या मैदानावर गोंधळतो आणि आपण म्हणतो, याला गेमची समज नाही. समज यायला त्याला आपण संधीच दिली नव्हती. खेळ चालू असताना गप्प राहा. थांबल्यावर एका मुलाला जवळ घेऊन विचारा, ‘तुला चेंडू मिळाला तेव्हा कोण मोकळा होता?’ त्याला आठवलं नाही तरी चालेल. पुढच्या वेळी चेंडू येण्याआधी तो एकदा मागे वळून बघेल, आणि चेंडू येण्याआधीचं ते बघणंच चांगल्या खेळाडूला इतरांपासून वेगळं काढतं.

निवडीबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे मुलांवर खरा अन्याय होतो. वयोगटाची कटऑफ तारीख १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात पण जवळजवळ वर्षाच्या अंतराने मोठे-लहान असतात. दहाव्या वर्षी हा फरक उंचीत, ताकदीत, वेगात सरळ दिसतो. निवडकर्ता मोठ्या मुलाला उचलतो, त्याला चांगला सराव मिळतो, तो आणखी पुढे जातो आणि निवड बरोबर होती असं सगळ्यांना वाटू लागतं. त्यातच शरीराची वाढ प्रत्येकाची वेगळ्या वेळी होते. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमाराला झपाट्याने वाढते, पण त्यात दोन-दोन वर्षांचा पुढेमागे फरक पडतो. बेल्जियमने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळे संघच ठेवले, म्हणजे आज लहानखुरा दिसणारा पण कसबी मुलगा निसटू नये. आपण निदान एवढं करू शकतो: निवडीच्या दिवशी प्रत्येकाच्या छातीवर जन्ममहिना लिहा, आणि चौदा वर्षांपर्यंत कोणालाही ‘तुझं काम नाही’ असं सांगून घरी पाठवू नका. बी संघ काढा, सी संघ काढा.

वय चोरण्याचा रोग याच मुळातून येतो. खोट्या दाखल्याने सोळाचा मुलगा चौदाच्या गटात खेळला तर त्या वर्षीची ट्रॉफी मिळते. पुढे हाडांच्या वयाची तपासणी झाली की त्याची कारकीर्द संपते, आणि त्याच्यासमोर खेळलेल्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलांचं वर्षही वाया जातं. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी किंवा पेठेच्या अभिमानासाठी हे करणाऱ्यांना मंडळाने पाठीशी घालू नये.

दुखापतींचं बरंचसं टाळता येतं. फिफाच्या वैद्यकीय गटाने २००६ च्या सुमारास ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार केला. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या संघांवर त्याचा मोठा अभ्यास झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरल्या. सात ते तेरा वयासाठी त्याची वेगळी, खेळासारखी आवृत्ती आहे. तिच्या चाचणीत दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. एका पायावर तोल, उडी मारून उतरताना गुडघे वाकवणं पण आत न जाऊ देणं, पडताना अंग कसं वळवायचं, असे हे व्यायाम. यंत्र लागत नाही, आणि चित्रांसकट पुस्तिका फुकट मिळते. आठवड्यातून दोनदा नेमाने करा. मुलींकडून तर चुकवूच नका, कारण गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा बराच जास्त असतो.

वाढीच्या वयात गुडघ्याखालचं हाड किंवा टाच दुखू लागली तर तो बहाणा समजू नका. हाड वेगाने वाढताना स्नायूंचा ताण तिथे येतो. काही आठवडे भार कमी केला की बहुतेक वेळा बरं होतं, आणि दामटून खेळवलं तर लांबतं. आठवड्याला एकूण किती तास, यासाठी क्रीडावैद्यक तज्ज्ञांचा एक सोपा ठोकताळा आहे: मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आखीव सराव नको. दहा वर्षांपर्यंत डोक्याने चेंडू मारण्याचा सराव नकोच. अमेरिकेच्या महासंघाने २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली आणि इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयापर्यंत सरावातून हेडिंग काढून टाकलं. डोक्याला मार लागून मूल गांगरलं तर ते त्या दिवशी परत मैदानात येणार नाही, सामना कोणताही असो. आणि हलवता येणारा लोखंडी गोल जमिनीला घट्ट बांधल्याशिवाय पोरांना त्याच्या जवळ जाऊ देऊ नका. असे गोल अंगावर पडून मुलं दगावली आहेत.

कडक मुरुमाच्या मैदानावर लांब स्टडचे बूट पायाला त्रास देतात. लहान रबरी गोट्यांचे बूट बरे आणि स्वस्तही. पावसाळ्यात सराव बंद ठेवायचं कारण नाही. शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, बॅडमिंटनचं कोर्ट, जे मिळेल तिथे कमी उसळणाऱ्या चेंडूने पाच-पाचचा फुटसाल खेळवा. जून ते सप्टेंबर हा काळ कोल्हापूरच्या मुलांच्या पायावर काम करायला उत्तम आहे, आणि तो वाया जातो याचं मला वाईट वाटतं.

स्पर्धांशिवाय फुटबॉल नाही, हे मान्य. पण दहा वर्षांखाली बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे निम्म्या मुलांनी एक सामना खेळून घरी जायचं. त्याऐवजी रविवारी सकाळी मेळावा भरवा. सहा-आठ तालमींची पोरं, आठ तुकडे, प्रत्येकाला पाच-सहा छोटे सामने, अंतिम सामना नाही, आणि पदक सगळ्यांना किंवा कोणालाच नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलामुलींसाठी फुटबॉल चालवला, तोही मोजक्या साधनांत. मैदान नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही, हे त्या कामावरून दिसतं. मुलींचे तुकडे वेगळे हवेत की मिसळलेले, हे त्यांनाच विचारून ठरवा, पण मुलींना पहिल्या रविवारपासून बोलवा. मुलींच्या सरावाला एक महिला प्रशिक्षक किंवा पालक कायम हजर असावी आणि कोणत्याही मुलासोबत एकटा मोठा माणूस मैदानाबाहेर राहू नये, हा नियम लेखी ठेवा.

पालकांना एक विनंती. मेळाव्यात रेघेच्या बाहेर उभे राहा, टाळ्या वाजवा, पण सूचना देऊ नका. परतीच्या वाटेवर ‘किती गोल मारलेस’ हा पहिला प्रश्न नको. ‘आज काय नवीन करून बघितलंस’ असं विचारा. आणि प्रशिक्षकाला परवाना आहे का, एका सरावाला किती चेंडू असतात, हे दोन प्रश्न मात्र फी भरण्याआधी नक्की विचारा.

तालमींच्या ज्येष्ठांना आणि जिल्ह्याच्या संघटनेला माझं मागणं एवढंच आहे. येत्या हंगामात दहा वर्षांखालची एकही बाद पद्धतीची स्पर्धा घेऊ नका. त्याच तारखांना, त्याच मैदानावर तीन-तीनचे मेळावे भरवा. आणि तुमच्याकडे जो सगळ्यांत जाणता, सगळ्यांत धीराचा माणूस असेल, त्याला सीनियर संघाच्या बाकावरून उठवून सहा वर्षांच्या पोरांकडे पाठवा.